शब्द की चाल?

सोलापूर, नवरात्र, तिसरी माळ. रात्री उशिरा. गाण्यात शब्द मोठे की चाल, हा प्रश्न आज डोक्यात घोळतोय.

आमच्या पूर्व भागात नवरात्र म्हणजे आधी बतुकम्मा, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. संध्याकाळी पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या, घरांतल्या बायका परातीत फुलं रचून आणतात. खाली तरवड, मग झेंडूचे थर, अगदी वर हळदीची गौरी. पराती मधे ठेवून भोवती फेर धरायचा. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'उय्यालो' म्हणून ती उचलायची. वाकून टाळी, एक पाऊल पुढे, परत टाळी. मागच्या बोळातले माग खडखडत असतात, पण त्या वेळी ते कुणाला ऐकू येत नाहीत.

तेलुगू मला बाजारापुरतं येतं. भाव पाडता येतो, गाणं कळत नाही. तरी दरवर्षी फेरात असतेच. आज शेजारच्या अक्कांना विचारलं, हे काय म्हणताय हो? त्या टाळ्या वाजवत वाजवतच म्हणाल्या, "सासुरवाशिणीचं हाय की हो. भाऊ न्यायला आलाय, अन् सासू सोडंना."

म्हणजे आपल्या भोंडल्यातलीच सासू! सून माहेरी जाऊ का विचारते आणि ही तिला कारल्याचा वेल लावायला बसवते. मला भारी गंमत वाटली. पण पुढचा फेर सगळा त्या भावाच्या काळजीत गेला. कुठल्या ओळीत तो आला, परत गेला की काय, हे शोधताना टाळी मागं पडू लागली. अर्थ कळायच्या आधी पाय बरे पडत होते.

जेवताना ह्यांना सांगितलं, की माझं मत चालीला. चाल आवडली की शब्द कसलेही चालतात. तराण्यात तर अर्थाचे शब्द जवळजवळ नसतातच, तरी माणसं डोलतात. हे लगेच राम जोशींवर आले. सोलापूरचा माणूस वादात शाहिराला आणणारच. म्हणे, पेशवाईतला माणूस, त्यानं लावणी कशी म्हटली हे आज कोण सांगणार? गळा गेला, चाल गेली, शब्द राहिले.

मला हे पटलं नाही. राम जोशींची लावणी नुसती मोठ्यानं वाचावी. ते अनुप्रास, ती यमकं एकावर एक अशी येतात, की ढोलकी नसताना ढोलकी ऐकू येते. शब्दांत लय भरून ठेवली आहे, म्हणून तर ते टिकले. नुसता अर्थ तेवढा सांगा बघू कुणाला, दोन वाक्यांत संपतो.

मग ह्यांनी सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर काढले. 12व्या शतकातली त्यांची कन्नड वचनं, म्हणजे गद्यासारखी छोटी भक्तिरचना. ना वृत्त, ना ठरलेली चाल, आणि तरी त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेला लोटणाऱ्या या गावात त्यांचं नाव घराघरांत. इथे मात्र मला चटकन काही सुचलं नाही. बिनचालीचे शब्द आठशेच्या वर वर्षं टिकतात, हे खरंच आहे.

एवढ्यात ह्यांनी मोबाईलवर शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेलं एक वचन लावलं, पुरावा म्हणून. कन्नड ह्यांना अर्धंमुर्धं, मला तर तेवढंही नाही. पाच मिनिटं दोघंही हात खरकटे ठेवून ऐकत बसलो. संपल्यावर विचारलं, काय अर्थ होता हो? म्हणे, "ते राहू दे, तो स्वर कसा लावला बघितलंस?"

म्हटलं, मग हा पुरावा माझ्या बाजूला धरा.