लेकराचं नाव टाकायला काय लागतं?

"ताई, लेकराचं नाव टाकायचं होतं तुमच्याकडे. काय काय लागते?" नागपुरात मानेवाड्याला एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात मी काउंटर सांभाळते आणि हा प्रश्न मला सतत विचारला जातो. बेसा, पिपळ्याकडे नवीन फ्लॅट झाले, कुणाची बदली झाली, कुणी उमरेड-काटोलकडून मुलांच्या शाळेसाठी इकडे आलं. मागे रांग असते, म्हणून उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देते आणि मनात राहून जातं की सगळं सांगितलंच नाही. म्हणून आज निवांत सांगते.

नाव, जन्मतारीख, पत्ता आणि चालू असलेला मोबाईल नंबर, एवढ्यावर केस पेपर निघतो. आधार कार्ड आम्ही मागत नाही. पण एक विनंती कराविशी वाटते. मूल बरं असताना या.

बहुतेक लेकरं आमच्याकडे पहिल्यांदा येतात ती तापाने फणफणलेली, आईच्या खांद्याला चिकटलेली, स्टेथोस्कोप दिसला की किंचाळणारी. त्या रडण्यात छातीचा आवाज नीट ऐकू येत नाही, पोट कडक धरलेलं असतं, वजनकाट्यावर पाय टेकत नाही. डॉक्टरांना तेव्हा फक्त आजचा आजार दिसतो. हे पोर एरवी कसं असतं ते कळत नाही. बरं असताना आणलं की वजन-उंची लिहिली जाते, हृदयाचे ठोके शांतपणे ऐकता येतात, पोट चाचपून पाहता येतं. पुढच्या वेळी आजारी पडलं की तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

पोटाचं मुद्दाम लिहिलं, कारण आपल्या विदर्भात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, या पट्ट्यात कितीतरी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सिकलच्या लहान मुलांत पानथरीत, म्हणजे पोटात डावीकडे असणाऱ्या प्लीहेत, एकाएकी रक्त साठून ती वाढू शकते आणि काही तासांत मूल पांढरं पडतं. पानथरी आधी किती हाताला लागत होती हे फाइलवर लिहिलेलं असेल, तर आज ती वाढली आहे हे पाहणाऱ्याला लगेच समजतं. शिवाय या मुलांत पानथरी लहानपणापासूनच नीट काम करेनाशी होते, त्यामुळे काही जंतूंशी लढायची ताकद कमी पडते. म्हणून सिकलच्या मुलाचा ताप हा साधा ताप धरतच नाहीत, त्याच दिवशी दाखवावा लागतो.

आणि नेमकी हीच गोष्ट लोक काउंटरवर सांगत नाहीत. मागे एक आजी नातवाला घेऊन आल्या. पोराचे हातपाय दुखत होते, अंगात ताप. "काही जुना आजार?" मी विचारलं. "काई नाई जी." आत जाऊन तपासून झालं, औषध लिहून झालं आणि दाराशी वळून आजी हळूच म्हणाल्या, "तसं गावाकडच्या डॉक्टरनं याले सिकल आहे म्हणून सांगतलं होतं." डॉक्टरांनी ती चिठ्ठी परत घेतली, पोराला पुन्हा टेबलावर झोपवलं आणि सरळ मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला पाठवलं. आजींचं मला समजतं. पुढे लग्नं अडतात, सोयरे मागे फिरतात, हे त्यांनी पाहिलेलं असणार. पण फाइल डॉक्टरांची असते, शेजाऱ्यांची नाही. वाटल्यास काउंटरवर बोलू नका, आत सांगा, पण सांगा. रिपोर्ट असेल तर तोही आणा. नुसती सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून मूल वाहक आहे (स्वतः आजारी नाही, पण आजार पुढच्या पिढीत जाऊ शकतो) की त्याला आजार आहे हे ठरत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ताची पुढची तपासणी लागते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची असते, त्यामुळे एका लेकराचा रिपोर्ट त्याच्या भावंडांसाठीही कामाचा असतो.

दुसरी वस्तू म्हणजे लसीकरणाचं कार्ड. डागा, मेयोसारखं सरकारी हॉस्पिटल असो की खाजगी दवाखाना, बाळाला घरी पाठवताना दिलेलं कार्ड आणि डिस्चार्ज पेपर दोन्ही आणा. जन्माचं वजन, बाळ लगेच रडलं होतं का, काचेत ठेवलं होतं का, कावीळ किती होती, हे सगळं त्यात असतं. कार्ड हरवलं असेल तर घाबरू नका. जिथे लस दिली तिथल्या रजिस्टरमध्ये नोंद असते, आशाताईंकडे विचारा, यू-विन या सरकारच्या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदणीत नाव घातलं असेल तर सर्टिफिकेट मोबाईलवरही मिळतं. एखादा डोस राहिला म्हणून रागावून घेण्याच्या भीतीने कित्येक आया यायचंच टाळतात. तसं करू नका. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लशींतली एखादी चुकली तर सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेल्या ठिकाणापासून पुढे जातात. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आणि दीड वर्षाच्या सुमाराचा तिचा दुसरा डोस मात्र मी स्वतः बोट ठेवून तपासते. पहिला दिला की पोर चालायला लागतं, घरात धावपळ सुरू होते आणि दुसरा हमखास राहतो.

आता औषधं. घरात चालू असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा, अर्ध्या संपलेल्यासुद्धा. "ते गुलाबी औषध" एवढं सांगून काहीच कळत नाही. तापाच्या पॅरासिटामॉलचंच घ्या. एका बाटलीत 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्याच 5 मिलीमध्ये 250. बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर 1 मिलीतच 100 मिलिग्रॅम. खोकी जवळपास सारखीच. एका वेळचा डोस वजनाच्या किलोला 15 मिलिग्रॅमपर्यंत धरतात, म्हणजे 12 किलोच्या पोराला साधारण 180. पहिल्या बाटलीतून ते साडेसात मिली होतं, दुसरीतून साडेतीनच. मागच्या डॉक्टरांनी "साडेसात मिली द्या" सांगितलं म्हणून आईने नव्या बाटलीतूनही तेवढंच दिलं, तर डोस दुपटीच्या वर जातो. म्हणून आमच्याकडे दर वेळी वजन करतात. रांगेतले लोक कुरकुरतात, तरी करतात.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता कुणाला वेगळं सांगायची गरज पडू नये. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं किडनी निकामी होऊन आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत आणली होती, आणि त्यांतली कितीतरी परत गेली नाहीत. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा देतच नाहीत. ते दिवस मला विसरता येत नाहीत. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने घेतलेली बाटली असेल तर तीही लपवू नका, पिशवीत टाका. आमचे डॉक्टर त्यावरून कुणाला बोलत नाहीत.

घरच्यांबद्दलही विचारतात, तेव्हा काही जणांना वाटतं की याचा काय संबंध. संबंध असतो. आजोबांचा टीबीचा कोर्स सुरू असेल तर घरातल्या लहान मुलाला तपासून प्रतिबंधक गोळ्या देतात. वडिलांना लहानपणी तापात झटके येत असतील तर लेकरालाही येऊ शकतात, आणि आधी माहीत असलं की आई त्या क्षणी तोंडात चमचा घालत नाही, कांदा हुंगवत नाही, पोराला कुशीवर वळवते आणि घड्याळ बघते. पूर्ण कुटुंब एकाच फॅमिली डॉक्टरकडे असण्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच. धंतोली-रामदासपेठेतल्या बालरोगतज्ज्ञांकडे लशी चालू असतील तर खुशाल चालू ठेवा, त्यात भांडण नाही. फक्त तिकडचं काय झालं ते इकडच्या फाइलवर येऊ द्या.

तुम्हीही विचारा. डॉक्टरांची डिग्री कोणती, नोंदणी क्रमांक काय, हे विचारण्यात अपमान नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठीवर छापणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे. रात्री दोनला पोराला धाप लागली तर कुठे न्यायचं, हेही त्याच दिवशी विचारून ठेवा आणि फाइलच्या आतल्या बाजूला लिहा.

शेवटी एक प्रश्न राहतो, तो बायका जरा आवाज खाली करून विचारतात. "आधीच्या डॉक्टरांना वाईट वाटणार नाही ना?" नाही वाटत हो. घर बदललं, अंतर वाढलं, हे त्यांनाही समजतं. न सांगता इकडे येण्यापेक्षा त्यांना भेटून एक चिठ्ठी मागा: मुलाला काय झालं होतं, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठलं, काय दिलं की बरं वाटायचं. मूल कुठे भरती झालं असेल तर तिथले कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती पेशंटचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यावे लागतात. अर्ज साध्या कागदावर लिहा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कागद हातात आले की या, शक्यतो बुधवारी-गुरुवारी दुपारी. सोमवारी सकाळी आमच्याकडे खोकणाऱ्या पोरांची गर्दी असते आणि तुमचं धडधाकट लेकरू त्यांच्यात बसवायला मला आवडत नाही.