६०० मिलीमीटरचं मृगजळ: रेस ट्रॅकवर दोन दिवस, कार शोमध्ये एक

तीन दिवसांत २,३०० च्या आसपास फोटो काढले. ठेवण्यासारखे चाळीस निघाले. त्यातले भाड्याने आणलेल्या १५०-६०० मिलीमीटरच्या झूम लेन्सचे किती? तीन, आणि तिन्ही मोटरसायकलींचे. ज्यांनी लेन्स बुक करायला फोन हातात घेतलाय, त्यांनी तो जरा खाली ठेवावा म्हणून हे आधीच सांगतोय.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी, ७०-२०० एफ २.८ झूम आणि एक जुनी ३५ ची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स आहे. तेवढंच घेऊन जाणार होतो. पण भाड्याने लेन्स देणारा म्हणाला, "रेसला चाललाय ना साहेब? ६०० शिवाय जाऊ नका, गाड्या मुंगीएवढ्या येतील." व्हिडिओंत सगळे तोफा खांद्यावर घेऊन उभे दिसतात, त्यामुळे मलाही ते पटलं. ती मंडळी पास गळ्यात घालून जाळीच्या आत उभी असतात आणि आपण तिकीट काढून जाळीबाहेर, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

पहिल्या दिवशी सराव होता. गाड्या सरळ अंगावर येताना हव्यात म्हणून लांब स्ट्रेटच्या, म्हणजे ट्रॅकच्या सरळ पट्ट्याच्या टोकाला जायचं ठरवलं. ट्रॅकला मागून वळसा घालत, दोन किलोची लेन्स आणि बाकीचा संसार पाठीवर घेऊन पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जागा मात्र झकास होती. समोर सगळी स्ट्रेट मोकळी, गाडी अडीचशे मीटरवर दिसायला लागते, जवळ येत गेली की ६०० ला फ्रेम छान भरते. धडाधड बर्स्ट मारले.

स्क्रीनवर झूम करून पाहिलं तर एकही फोटो शार्प नाही. वाटलं, फोकस चुकतोय. सिंगल पॉइंट लावला, मग झोन, मग स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद केलं, शटर १/२००० सेकंदावर नेलं. काही फरक नाही. बॉनेटवरचा नंबर दर फ्रेममध्ये वेगळ्याच बाजूला वितळलेला. दीड तास मी लेन्सला आणि स्वतःला शिव्या घालत होतो, आणि दोघांचाही काही दोष नव्हता. तापलेल्या डांबरावरून गरम हवा उठते, तिची घनता जागोजागी वेगळी असते, त्यामुळे तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. रस्त्यावर पाणी दिसतं तोही याच हवेचा खेळ. तुमच्या आणि गाडीच्या मध्ये अशी अडीचशे मीटर हवा असेल, तर ६०० ची लेन्स त्या लाटाच मोठ्या करून दाखवते. वेगवान शटरने फार तर लाट गोठते, सरळ होत नाही. महागडी लेन्सही इथे हात टेकते. उपाय दोनच: पहाटे किंवा ढगाळ हवेत जा, नाहीतर जवळ जा. जवळ जायचं असेल तर ६०० कशाला हवी, हे मला त्या भर दुपारी कळलं.

आता हिशोब सांगतो, जो मी घरी बसून करायला हवा होता. गाडीची लांबी गुणिले फोकल लेंग्थ (लेन्सचे मिलीमीटर), भागिले सेन्सरची रुंदी: गाडी किती अंतरावर फ्रेम काठोकाठ भरते ते निघतं. फुल फ्रेमची रुंदी ३६ मिलीमीटर, क्रॉपची साधारण २४. साडेचार मीटरची गाडी क्रॉप बॉडीवर २०० ने काठोकाठ भरते ती ३७ मीटरवर. ६०० ने ती भरते ११२ मीटरवर. म्हणजे वळणापाशी तुम्ही गाडीपासून ५० मीटरवर असाल, तर २०० च्या फ्रेममध्ये सहा मीटर रुंदी मावते: गाडी, आणि पुढे थोडी मोकळी जागा. याहून चांगलं काही मागू नये. बाइक मात्र दोनेक मीटरच लांब, तिथे २०० कमी पडते. सगळा दिवस बाइकच टिपायच्या असतील तर १००-४०० किंवा १५०-६०० जरूर घ्या. गाड्यांसाठी नको. अगदीच धीर होत नसेल तर ७०-२०० ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (पोच वाढवणारी जोडलेन्स) लावा: २८० पर्यंत पोच मिळते आणि एफ २.८ चं एफ ४ होतं, एक स्टॉप जातो, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. २ च्या कन्व्हर्टरने दोन स्टॉप जातात आणि चित्रही मऊ पडतं. माझ्या बॅगेत तो पुन्हा येणार नाही.

संध्याकाळी चिडून ७०-२०० काढली आणि एका संथ वळणावर, जाळीला चिकटून उभा राहिलो. इथून पुढचे फोटो बघण्यासारखे आहेत.

पण जाळीची एक मेख आहे. एफ २.८ ला २०० मिलीमीटरवर लेन्सचं भोक सुमारे ७१ मिलीमीटरचं असतं. तार त्यापुढे काडीसारखी, काचेच्या अगदी जवळ असली की विरघळून जाते. मात्र पॅनिंगसाठी (गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्यासाठी) शटर १/६० वर आणलंत की भर उन्हात अ‍ॅपर्चर एफ १६ च्याही पलीकडे जातं (आकडा मोठा तितकं भोक लहान). भोक राहतं जेमतेम १२ मिलीमीटरचं, आणि मघाशी गायब झालेली तार करड्या पट्ट्या होऊन परत येते. वर सेन्सरवरची धूळही दिसायला लागते. यावर एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर किंवा पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावा. पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो, आणि इथे आपल्याला तेच हवं आहे. बहुतेक ७०-२०० एफ २.८ ला ७७ मिलीमीटरचा फिल्टर बसतो. माझ्या भाड्याच्या धुडाला ९५ चा लागत होता, तो कोणाकडे असतो? जाळीची सावलीतली बाजू शोधा, हूड काढा, आणि लेन्सवर फोकस लिमिटर (फोकसचं अंतर मर्यादित करणारं बटण) असेल तर लांबच्या अंतरावर ठेवा, नाहीतर ऑटोफोकस तारेवरच जाऊन बसतो.

शटरबद्दल नवख्यांना खरं वाटत नाही, म्हणून आकडे देतो. ताशी २०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचं चाक सेकंदाला साधारण २८ वेळा फिरतं. १/१००० ला ते जेमतेम १० अंश वळतं, त्यामुळे गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. १/१२५ ला ८० अंश वळतं आणि आरे पुसले जातात. सुरुवात १/२५० ने करा, हात बसला की खाली या. स्टॅबिलायझेशनला दोन मोड असतील तर पॅनिंगचा निवडा, म्हणजे ते फक्त उभी थरथर सावरेल. आणि मेकॅनिकल शटर वापरा. सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचणाऱ्या बॉडीवर इलेक्ट्रॉनिक शटरने चाकं लंबगोल होतात. फ्रेंच छायाचित्रकार लार्तिगच्या शंभर वर्षांहून जुन्या रेसच्या फोटोत पुढे झुकलेलं अंडाकृती चाक आहे, ते कॅमेऱ्यातली पडद्याची फट सावकाश सरकल्यामुळेच. त्याचा तो फोटो जगप्रसिद्ध झाला. आपला होणार नाही.

दुसरा दिवस, म्हणजे प्रत्यक्ष रेस, छान गेला. आभाळ भरलेलं, तेच वळण, तीच ७०-२००. सांगण्यासारखं काही नाही.

तिसऱ्या दिवशी कार शो, बंद हॉलमध्ये. काल जमलं म्हणून आज ७०-२०० वरच भिस्त ठेवली आणि पुन्हा तोंडावर पडलो. वरचाच हिशोब उलटा लावा: क्रॉप बॉडीवर ७० ने अख्खी गाडी मावायला १३ मीटर मागे जावं लागतं. हॉलमध्ये १३ मीटरमध्ये चार गाड्या, दोन खांब आणि पन्नास माणसं असतात. एक काका तर माझ्या फ्रेममध्ये कायमचे राहायलाच आले होते. शेवटी ३५ लावली. तिला साडेसहा मीटर पुरतात, आणि माणसांमधली फट तेवढी मिळते.

वाइड लेन्स घेऊन बंपरला खेटून उभे राहू नका. हेडलाइट भोपळ्याएवढा आणि मागचं चाक बांगडीएवढं, अशी चित्रं सगळ्यांच्याच फोनमध्ये आहेत. फुल फ्रेमवाल्यांनी २४-७० घ्यावी आणि निम्मा वेळ ५० च्या आसपास राहावं. क्रॉपवाल्यांनो, तुमच्या बॉडीवर तीच २४-७० ३६ पासून सुरू झाल्यासारखी वागते, तेव्हा १७-५० सारखी लेन्स बघा. चिन्हं, शिलाई, डायल यांसाठी वेगळी लेन्स नको, ३५ पुरते. १५०-६०० तर पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नव्हती.

पोलरायझर इथेही कामाला येतो, काचेवरची आणि रंगावरची चमक उतरवतो. क्रोमवर त्याचं काही चालत नाही, धातूवरून परतलेला प्रकाश त्याला दाद देत नाही. मागच्या टफन्ड काचेवर मात्र चित्त्याच्या अंगावरचे ठिपके उमटवतो. मला वाटलं, काच खराब आहे. फिल्टर फिरवला तर ठिपके फिकट झाले.

लेन्स परत करायला अर्धा तास उशीर झाला, तर पूर्ण जादा दिवसाचं भाडं लावलं. वर हूडवरचा ओरखडा माझ्या नावावर. तो आधीपासून होता, पण पुरावा काय? २,३०० फोटो काढले, लेन्स ताब्यात घेताना तिचा एक काढला नाही. तुम्ही काढा: पुढची काच, मागचा माउंट, हूड, ट्रायपॉडची कॉलर, आणि देणाऱ्याच्या समोरच काढा. किती वाजता दिवस बदलतो, तेही पावतीवर लिहून घ्या.