कोण म्हणतं?

जानेवारीतला शनिवार. कोल्हापुरात राजारामपुरीतला माझा इंग्रजीचा क्लास आवरून शटर ओढणार, तेवढ्यात इंग्लंडहून फोन आला. इथं रात्रीचे नऊ, तिकडं दुपारचे साडेतीन.

"मॅडम, नापास झालो. बेचाळीस."

मास्टर्सला तिकडं ५० लागतात. पोरगा शिरोलीचा, वडील एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर, शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलेलं. आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी शिकायला जाताना द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेत, त्याला लेखनात ७ बँड होते आणि त्याचा फोटो अजून माझ्या क्लासच्या भिंतीवर आहे. त्यामुळं मला आधी वाटलं, तपासणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार.

त्यानं निबंध स्क्रीनवर दाखवला. विषय कोल्हापूरचा २०१९चा महापूर, २,००० शब्द. पहिलंच वाक्य: 'इट इज अ वेल-नोन फॅक्ट दॅट द फ्लड वॉज कॉज्ड बाय अलमट्टी डॅम.' म्हणजे, पूर अलमट्टी धरणामुळं आला हे सगळ्यांना ठाऊकच आहे. अलमट्टी कर्नाटकात, कृष्णेवर; तिथं अडलेल्या पाण्याचा फुगवटा मागं येऊन इकडं पूर चढतो, असं गावात म्हणतात. शेजारी प्राध्यापकांचा शेरा, 'हू सेज?' कोण म्हणतं? खाली सरकत गेले तसा तोच शेरा आणखी सहा वेळा.

आणि ते वाक्य माझं होतं. म्हणजे अलमट्टी त्याची, पण 'वेल-नोन फॅक्ट' मी शिकवलेलं. आयईएलटीएसच्या निबंधाला चाळीस मिनिटं आणि किमान २५० शब्द. स्वतःच्या माहितीतली, अनुभवातली उदाहरणं द्या, असं प्रश्नपत्रिकाच सांगते. संदर्भ कुणी मागत नाही. मग आम्ही क्लासवाले सुरुवातीचं वाक्य, मधले जोडशब्द, शेवट असे साचे करून देतो. त्याचे वडील लोखंडासाठी साचे करतात, मी इंग्रजीसाठी. माझा साचा विद्यापीठात पहिल्याच ओतकामाला फुटला.

"पण मॅडम, खोटं काय आहे त्यात? शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली होता. मी स्वतः बघितलंय."

"पाणी बघितलंस. अलमट्टीचा फुगवटा बघितलास काय?"

गप्प झाला. तेवढ्यात त्याचे वडील कामावरून परस्पर गाडी मारत क्लासात आले. पोरानं घरी फक्त 'नापास' एवढंच सांगून फोन ठेवला होता. मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, पुन्हा लिहून द्यायची संधी आहे, फक्त गुण ५०च्या वर मिळणार नाहीत. "पास हाय म्हणायचं मग," म्हणाले आणि ऐकत बसले.

महापुरानंतर राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली होती. २०२०मध्ये तिचा अहवाल आला. अलमट्टीला तिनं दोषी धरलं नाही. मुख्य भर अतिवृष्टीवर आणि नदीपात्रातल्या, पूररेषेतल्या अतिक्रमणांवर होता. इथल्या अनेकांना ते आजही पटत नाही, धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४च्या पुढं न्यायचं कर्नाटकानं काढलं तेव्हा तर आणखीच. पोरानं अहवाल वाचलेला नव्हता. विरोध करणाऱ्यांची मांडणीही वाचलेली नव्हती. गावात सगळे म्हणतात, म्हणून लिहिलं.

मग मी त्याला 'मे हॅव काँट्रिब्यूटेड', म्हणजे 'हातभार लागला असावा', असं सुचवलं. त्याला ते आवडलं नाही. "हे भित्रं वाटतंय मॅडम. बुळबुळीत."

या तक्रारीवर मी आजवर वर्गात 'इंग्रजीत असंच असतं' म्हणून वेळ मारून नेत आले. त्या रात्री मात्र सहज विचारलं, "शेजारच्या पोरीचं लग्न मोडलं, हे तुझी आई कसं सांगते?"

"मोडलं म्हणे."

"नुसतं 'मोडलं' का नाही म्हणत?"

"तिनं बघितलंय कुठं? उद्या अंगावर आलं तर?" आणि बोलता बोलता स्वतःच हसला.

आपल्याकडं हे काम एका 'म्हणे'वर भागतं. इंग्रजीत ते क्रियापदं करतात: सजेस्ट, क्लेम, आर्ग्यू. 'प्रूव्ह' फार क्वचित वापरायचं. आणि आईचं 'म्हणे' कुणाचं ते कधीच कळत नाही. विद्यापीठाला तेवढंच कळायला हवं असतं. नाव लिही, वर्ष लिही, मग पुढं तुला काय वाटतं ते लिही.

साडेअकरापर्यंत आम्ही पहिला परिच्छेद लावला. फुगवट्यामुळं पूर चढला, असा दावा इथल्या संघटना करतात. वडनेरे समितीला (२०२०) ते मान्य नाही. आणि दोन्ही बाजू पंचगंगेच्या पात्रातल्या बांधकामांपाशी येऊन थांबतात, ते मी तपासणार आहे. हे शेवटचं त्याचं स्वतःचं. मी सुचवलेलं नव्हतं.

फोन ठेवला, शटर ओढलं. इतका वेळ गप्प बसलेले वडील गाडीला किक मारता मारता थांबले.

"मॅडम, एक इच्यारू? म्हंजे आमचं पोरगं तिकडं जाऊन अलमट्टीला सोडून देणार काय?"

"सोडत नाही हो. आधी चौकशी करतोय."

"बघा बाई," म्हणाले. "गावात सांगू नका."