भूल उतरताना
आज सकाळी एका ३ किलोच्या मांजरीचे गर्भाशय काढले. टाके घालून झाल्यावरही आम्ही तिच्याजवळून हललो नाही, कारण भुलेमुळे दगावणाऱ्या मांजरांपैकी निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया संपल्यानंतर, आणि त्यातली बरीचशी पहिल्या ३ तासांतच दगावतात. अंगाचे तापमान ३६.४ अंशांवर उतरले होते, म्हणून कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवल्या. वेदनाशामक मात्र चीर देण्यापूर्वीच टोचले होते. दुखत असले तरी मांजर सहसा कण्हत नाही. डोळे अर्धवट मिटून, कान किंचित बाहेर वळवून ती गप्प बसते, आणि त्या गप्प बसण्याला आपण वर्षानुवर्षे आराम समजत आलो, याची मला मनापासून खंत वाटते. संध्याकाळी तिला घरी नेणाऱ्या ताईंना एकच विनवणी केली: पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजरीला ते जीवघेणे ठरते.