"तुम्हाला कॉन्जुन्तीवो लागणार नाही"

"हे कॉन्जुन्तीवोचं प्रकरण राहू दे. तुम्हाला लागणार नाही."

उत्तर इटलीतल्या तोरिनोत, आमच्या इटालियनच्या वर्गात बाईंनी हे मायेनेच सांगितलं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. कॉन्जुन्तीवो म्हणजे इच्छा, शक्यता, आदर सांगणारी क्रियापदाची रूपं. दीर्घ मुदतीच्या परमेस्सोसाठी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, ए-२, म्हणजे प्राथमिक पातळीची परीक्षा पुरते. वर्तमानकाळ, दोन भूतकाळ आणि थोडासा भविष्यकाळ एवढं आलं की निभावतं. वर्गात मोरोक्कोचे, नायजेरियाचे, पेरूचे, पंजाबचे लोक आहेत. दिवसभर राबून संध्याकाळी वह्या घेऊन येतात. त्यांच्यावर जास्तीचं ओझं नको, हा बाईंचा हेतू. हेतू चांगला आहे, निर्णय चुकीचा आहे. त्यावर मला सविस्तर लिहायचंय.

इटालियन क्रियापदाचा पसारा मोठा आहे हे खरं. सात 'मोदो', म्हणजे आपल्या व्याकरणातले 'अर्थ', त्यातले चार पुरुष-वचनाप्रमाणे बदलणारे आणि तीन न बदलणारे. सगळे काळ धरले तर एकवीस रकाने होतात, त्यातले आठ एकट्या इन्दिकातीवोत, म्हणजे साध्या विधानांच्या मोदोत. आरे, एरे, इरे असे तीन गण, आणि नेमकी रोजच्या वापरातली क्रियापदं कुठल्याच नियमात न बसणारी. तक्ता पहिल्यांदा पाहिला की धडकी भरते. पण आपली भाषाही असाच तक्ता घेऊन जन्माला आली आहे, आणि आपल्याला तो शाळेत शिकवलेलाही आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आठवतंय ना? आता इटालियनचे ते चार बदलणारे मोदो मांडा: इन्दिकातीवो, इम्पेरातीवो, कॉन्जुन्तीवो, कोन्दित्सियोनाले. जवळजवळ एकास एक जुळतात.

विध्यर्थाची व्याख्या आपण घोकली होती: कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा. 'ती घरी असावी' हे इटालियनमध्ये 'पेन्सो के सीया आ काझा'. त्यातलं 'सीया' कॉन्जुन्तीवो आहे. 'तू यावंस असं मला वाटतं' यात आपण 'येतोस' म्हणत नाही, इटालियन माणूसही म्हणत नाही. सगळीकडे असं जुळत नाही, हेही सांगायला हवं. 'मला वाटतं ती घरी आहे' असं आपण खुशाल म्हणतो, इथे लिहिताना तसं केलं तर शिक्षक लाल रेघ मारतात. पण ओळख आहे. 'आठ वाजले असतील' यात भविष्याचं रूप वापरून आपण अंदाज सांगतो, इटालियनही तेच करतं: 'सारान्नो ले ऑत्तो'. मी 'सोनो आन्दाता' म्हणते, नवरा 'सोनो आन्दातो' म्हणतो, कारण मी गेले आणि तो गेला. आंबा खाल्ला तर 'लो मान्जातो', स्ट्रॉबेरी खाल्ली तर 'ला' या स्त्रीलिंगी सर्वनामाच्या जोरावर 'मान्जाता'. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. मराठी माणसाला एका ओळीत कळेल. आपण मात्र इटालियन शिकायला बसतो तेव्हा मराठी बाजूला ठेवतो आणि इंग्रजीच्या चष्म्यातून बघून घाबरतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आता मूळ मुद्दा. कॉन्जुन्तीवो 'लागत नाही' म्हणजे काय?

तोरिनोमध्ये सकाळी पावाच्या दुकानात जा. आपला नंबर आला की काउंटरमागची बाई म्हणते, 'मी दीका'. सांगा, काय देऊ. डॉक्टरकडे गेलं की 'सी अक्कोमोदी', बसावं. रस्त्यात कुणाला थांबवायचं तर 'सेन्ता'. वाट द्यायची तर 'वेन्गा, वेन्गा'. ही सगळी कॉन्जुन्तीवोचीच रूपं आहेत. अनोळखी माणसाला, वयाने मोठ्या माणसाला इटालियन भाषा 'लेई' (आपलं 'आपण') म्हणते, आणि 'लेई'ला आज्ञा करता येत नाही. म्हणून कॉन्जुन्तीवो येतो. अगदी आपलंच आहे हे. 'बस' वेगळं आणि 'आपण बसावं' वेगळं. लग्नपत्रिकेत आपण 'सहकुटुंब या' असं छापतो का? 'अगत्य येण्याचे करावे' असंच छापतो. आदर दाखवायचा झाला की आपण विध्यर्थाकडे जातो, ते कॉन्जुन्तीवोकडे जातात.

म्हणजे सगळ्यात आधी कानावर पडणारी गोष्ट तीच, आणि वर्गात सांगतात, लागणार नाही. याचा परिणाम काय होतो ते मी एका सरकारी खिडकीपाशी पाहिलंय. माझ्या पुढे एक वयस्क इटालियन गृहस्थ होते. त्यांना 'मी दीका'. त्यांच्यानंतर आमच्या वर्गातल्या मोरोक्कोच्या काकांचा नंबर. केस पांढरे, अंगात इस्त्रीचा कोट, हातात नीट लावलेली फाईल. त्यांना 'दिम्मी'. सांग. 'आई इल दोकुमेन्तो?' तुझ्याकडे कागद आहे का? त्याच खिडकीतला तोच माणूस, दोन मिनिटांच्या अंतराने. काकांनी उत्तरं दिली, कागद दिले, काही बोलले नाहीत. बोलणार कसे? आपल्याला 'तू' म्हटलं गेलं हे कळायला समोर 'तुम्ही' असतं हे माहीत हवं, आणि ते त्यांना शिकवलंच नव्हतं.

माझा नंबर आल्यावर मी सावकाश, प्रत्येक क्रियापद 'लेई'त चालवत बोलले. 'वोलेव्हो किएदेर्ले', मला आपल्याला विचारायचं होतं. (आपणही 'तुमच्याकडे एक काम होतं' असं भूतकाळातच म्हणतो, काम त्या क्षणी असलं तरी.) तिसऱ्या वाक्याला तो माणूस 'लेई'वर आला. त्याने ते जाणूनबुजून केलं असेल असं मला वाटत नाही. आदर कॉन्जुन्तीवोत मागितला तर कॉन्जुन्तीवोतच मिळतो. म्हणून कॉन्जुन्तीवो परकीयांना आधी शिकवायला हवा, सगळ्यात शेवटी नव्हे. काकांचा मुद्दा मी पुढच्याच वर्गात मांडला. बाई थोडा वेळ गप्प झाल्या, आणि त्या दिवशी फळ्यावर 'दीका, सेन्ता, स्कूझी, वेन्गा' एवढं लिहिलं. काकांनी चारही शब्द वहीत उतरवून घेतले.

यावर घरून लगेच प्रश्न येईल, आपण तरी काय करतो? पुण्यात, मुंबईत बाहेरचा माणूस दिसला की आपण हिंदीत शिरतो, त्याने मराठीत तोंड उघडलं तरी. हो, शिरतो, आणि तेही एक प्रकारे 'तुला लागणार नाही'च आहे. तरी मी दोन्ही एका मापाने मोजणार नाही. आपलं हिंदीत शिरणं भिडेपोटी असतं, समोरच्याची अडचण होऊ नये म्हणून. इथलं 'दिम्मी' वेगळ्या जागेवरून येतं. माझं म्हणणं कुणाला एकतर्फी वाटेल, पण दोन्ही बाजूंना उभी राहून मी हे सांगतेय.

दुसरा प्रश्न नातेवाइकांचा. ऑफिसात इंग्रजी चालतं, नवऱ्याचं सगळं इंग्रजीत होतं, मग तू क्रियापदांत एवढा वेळ का घालवतेस? नोकरी का नाही शोधत? नोकरी मी शोधणारच आहे. पण नवऱ्याचं ऑफिस म्हणजे तोरिनो नव्हे. मुलीच्या शाळेत, दवाखान्यात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये इंग्रजी चालत नाही, आणि तिथे दर वेळी मीच जाते. आधी भाषा, मग नोकरी, हा क्रम मी विचार करून लावलाय.

मुलीची शाळा म्हटल्यावर तिची चौथीची वही दाखवलीच पाहिजे. गृहपाठात एक शब्द देतात आणि त्यापुढे लिहायचं असतं: आन्दारे क्रियापदाचं रूप, पहिला गण, मोदो इन्दिकातीवो, काळ पास्सातो रेमोतो (दूरचा भूतकाळ), प्रथमपुरुष, एकवचन. हे आपलं 'व्याकरण चालवा' आहे! माझ्या आईने, तिच्या आईने जे पाटीवर केलं, तेच नात तोरिनोत करतेय. वर्गात मुलं रूपं पाढ्यांसारखी म्हणतात, 'के इओ सीया, के तू सीया'. आपल्याकडे हल्ली व्याकरण म्हणजे बहुपर्यायी प्रश्नांत टिक करायची गोष्ट झाली आहे. इथे नऊ वर्षांच्या मुलांकडून ते तोंडपाठ करून घेतात आणि कुणाला त्यात मागासलेपण वाटत नाही. याबाबतीत मी इटालियन शाळेच्या पूर्ण बाजूने आहे.

आणि 'इटालियन लोकांना हे जन्मतः येतं' हा समजही टाकून द्यायला हवा. १८६१ साली देश एक झाला तेव्हा तोरिनो राजधानी होती, आणि राजा व्हित्तोरिओ एमानुएले दुसरा पिएमोन्तेसे, म्हणजे इथली प्रादेशिक बोली, बोलायचा. पंतप्रधान कावूरना फ्रेंच जास्त सोयीची होती. भाषाशास्त्रज्ञ तुल्लियो दे माउरोंच्या अंदाजाने त्या वेळी इटालियन येणारे लोक शंभरात दोन-तीन होते. पुढे १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी हे शिक्षक टीव्हीवर फळा घेऊन उभे राहायचे आणि निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवायचे. म्हणजे आजच्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी हे तक्ते मोठेपणी, कष्टाने गिरवलेत. मग आमच्या वर्गातल्यांनी का नाही?

आमच्या खालच्या मजल्यावर सिसिलीच्या आजी राहतात. गाड्यांच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून दक्षिणेतून हजारो कुटुंबं इथे आली, त्यातलंच एक त्यांचं. इथले उत्तरेकडचे लोक बोलण्यात पास्सातो रेमोतो जवळजवळ वापरत नाहीत, कालचं असो की तीस वर्षांपूर्वीचं, सगळ्याला पास्सातो प्रॉस्सिमो, जवळचा भूतकाळ. आजी मात्र सकाळी बाजारात गेल्या तरी 'आन्दाई' म्हणतात, हे 'मी गेले'चं पास्सातो रेमोतोतलं रूप. जिन्यात त्यांचं बोलणं ऐकताना मला घरची 'सांगे, जाई, करी' ही रूपं आठवतात. आपण ती कवितांपुरती ठेवली. बाकी तोरिनोत हा काळ भिंतींवर भेटतो. पियात्सा कार्लो आल्बेर्तो या चौकाजवळ जर्मन तत्त्वज्ञ नित्शे राहत होता त्या घरावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर 'कोनोब्बे' आणि 'स्क्रिस्से' आहे: त्याने जाणलं, त्याने लिहिलं. कुठल्याही जुन्या गल्लीत मान वर करा, 'नाक्वे', 'व्हिस्से', 'मोरी' दिसतील. जन्मला, जगला, वारला.

इकडे शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी पास्सातो रेमोतोला घाबरू नये. अनियमित क्रियापदांत बहुतेक वेळा तीनच रूपं वाकडी असतात: मी, तो आणि ते. बाकीची तीन सरळ चालतात. नाक्वी, नाशेस्ती, नाक्वे, नाशेम्मो, नाशेस्ते, नाक्वेरो. तक्त्यात पहिलं, तिसरं आणि सहावं तेवढं पाठ करायचं. मी सध्या आजींकडून रोज एक क्रियापद असं करून घेतेय. आज 'राहणे' झालं, उद्या 'येणे' आहे.