तुम्ही विचारलंत म्हणून: जगलिंग, म्हणजे तीन बॉल आळीपाळीने हवेत फेकत झेलत राहणं, येतं ना, मग करून का दाखवत नाहीस?

कपाटावरच्या त्या तीन पिशव्या, माझे जगलिंगचे बॉल, दिसल्या की हा प्रश्न येतोच, म्हणून एकदाचं सांगून टाकते.

पिशव्या मी स्वतः शिवल्यात, ब्लाउजपीसच्या, आत नाचणी, किचनच्या काट्यावर प्रत्येकी १२० ग्रॅम. पडल्या तरी घरंगळत नाहीत. पलंगासमोर उभी राहून करते, म्हणजे दर वेळी वाकावं लागत नाही. लहानपणी सागरगोट्यांत मला कुणी हरवलं नव्हतं, त्यामुळे जगलिंग सोपंच जाईल असं वाटलेलं. पण तिथे नजर खाली जमिनीवर जाते, इथे ती वरच ठेवायची, हातांकडे बघायचंच नाही. पहिला बॉल डोळ्यांच्या उंचीला, टोकाला पोचला की दुसरा त्याच्या आतल्या बाजूने सोडायचा. घाई केली की फेक पुढे जाते आणि आपण बॉलमागे चालायला लागतो.

आता पुतणीचा साखरपुडा. दीर म्हणाले, वहिनी, दाखवा की, आणि कुणीतरी फळांच्या परडीतली तीन मोसंबी हातात दिली, एक मोठं, दोन लहान, गुळगुळीत, आणि मी नको म्हणायच्या ऐवजी पदर खोचला. चौथी फेक पुढे गेली, मी एक पाऊल पुढे, पाचवी अजून पुढे, आणि मोसंबं थेट समईवर. समई आडवी झाली, ज्योत विझली, तेल नवरीच्या शालूवर. कुणी ओरडलं नाही हो. मुलाकडची एक बाई फक्त "अगंबाई" म्हणाली आणि हॉल गप्प झाला. मी गुडघ्यांवर बसून पेपर नॅपकिनने तेल टिपत होते, डाग पसरतच होता, आणि पुतणी म्हणत होती, काकू, राहू दे गं.

नंतर वर्षभर मी मोसंब्यांना दोष दिला. वजनं वेगळी होती हे खरंच आहे. पण तेव्हा माझे सलग १८ च्या वर कॅच कधी झालेच नव्हते आणि "येतं मला" असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं, हेही खरंच आहे.

जगलिंगवरचं २००४ चं जर्मनीतलं एक संशोधनही असंच अर्धं सांगायचे मी. तीन महिने शिकल्यावर मेंदूचा हालचाल टिपणारा भाग किंचित वाढलेला दिसला, हे सांगायचे. सोडल्यावर ती वाढ पुन्हा कमी झाली, हे गाळायचे. का? बाईमाणसाने नुसतं आवडतं म्हणून रोज अर्धा तास काही करावं हे मला स्वतःलाच पटत नव्हतं बहुतेक. अजूनही रोज पटतं असं नाही.

गेल्या रविवारी सलग ४३ कॅच झाले, दार लावून. तुम्ही आलात तर पिशव्या तिथेच असतील, खुशाल हातात घ्या, हवं तर पहिली फेक शिकवते. फक्त करून दाखव म्हणू नका.