'इमिनंट'साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

भाषांतराच्या कामात माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी एक मला आजही आठवते. आपत्ती व्यवस्थापनाच्या एका माहितीपत्रकात मी 'पुराचा आगामी धोका' असे लिहून मोकळा झालो होतो. मजकूर तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी 'आगामी'भोवती लाल वर्तुळ काढून समासात एवढेच लिहिले, "धोका म्हणजे काय अधिवेशन आहे?"

मूळ इंग्रजी शब्द होता 'इमिनंट'. पुढे होणाऱ्या गोष्टीसाठी 'अपकमिंग'ही वापरतात. पण अपकमिंग चित्रपट किंवा निवडणूक म्हणताना डोळ्यांसमोर दिनदर्शिका असते, आणि तिथे आपला 'आगामी' चपखल बसतो. 'इमिनंट'ला तारीख नसते. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ पुढे झुकणे, डोक्यावर येणे असा आहे. कड्याचा सुटायला आलेला दगड डोळ्यांसमोर आणला की तो अर्थ कळतो. त्याचा शेजारी 'इम्पेंडिंग' हा लटकणे या अर्थाच्या धातूपासून निघाला आहे. कचेरीतले 'पेंडिंग'ही त्याच कुळातले, आणि आपणही रखडलेले काम लोंबकळत पडले आहे असेच म्हणतो, याची मला मोठी गंमत वाटते. मात्र 'इम्पेंडिंग' संकट अजून काही काळ लटकत राहू शकते, तर 'इमिनंट' म्हटले की ते आता कोसळणारच.

हा फरक केवळ शब्दांचा कीस काढण्यापुरता नाही. 1837 च्या डिसेंबरात कॅनडातील बंडखोरांना रसद पुरवणारी 'कॅरोलाइन' ही अमेरिकी आगबोट ब्रिटिशांच्या बाजूच्या सैनिकांनी पेटवून नायगारा नदीत सोडून दिली. त्यावरील पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेब्स्टर यांनी भूमिका घेतली, की स्वसंरक्षणाची गरज तत्काळ आणि अनिवार असली, दुसरा मार्ग व विचाराला क्षणाचीही सवड उरली नसली, तरच असे कृत्य समर्थनीय ठरेल. हल्ला 'इमिनंट' होता की नाही, हा वाद आंतरराष्ट्रीय कायद्यात आजही याच कसोटीचा आधार घेऊन चालतो. पुढे 1969 मध्ये ब्रँडेनबर्ग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीखोर भाषणाबद्दल शिक्षा कधी करता येईल हे ठरवताना हाच शब्द वापरला: बेकायदा कृत्य नजीकच्या क्षणी घडवून आणण्याचा हेतू हवा आणि ते घडण्याची शक्यताही हवी. तिथे कोणी 'आगामी बेकायदा कृत्य' असे भाषांतर केले, तर निकालाचा अर्थच बदलेल.

मराठीत यासाठी 'आसन्न' हा नेमका शब्द आहे. लॅटिन शब्द डोक्यावर झुकतो, तर संस्कृत शब्द जवळ येऊन बसतो. पण 'आसन्नमरण' सोडले तर हा शब्द आज क्वचितच कानावर पडतो. बोलीत आपण हे काम क्रियापदांवर सोपवतो: परीक्षा तोंडावर येते, संकट येऊन ठेपते, कायदा होऊ घातलेला असतो. त्यातही 'होऊ घातलेला'मध्ये घाई नाही, 'येऊन ठेपलेला'मध्ये आहे.

माहितीपत्रकात मात्र 'पूर येऊन ठेपला आहे' हेही चालले नाही, कारण पाणी दारात शिरलेच असा त्याचा अर्थ कोणी घेतला असता. शेवटी विशेषणाचा हट्ट सोडून मी 'कोणत्याही क्षणी पूर येईल अशी स्थिती आहे' असे लिहिले, आणि या वेळी समास कोरा परत आला.